सासू, सून, नात आणि एकच टीव्ही

प्रश्न : ताई, आम्ही सिडकोत राहतो, टीव्ही एकच आणि संध्याकाळी सातनंतर रिमोट सासूबाईंकडे. त्यांच्या मालिकांमधली सून एकतर रडत असते नाहीतर कुणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळत असते. नववीतली मुलगी शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकं घालते. तिघींना एकत्र बघता येईल असं काही सांगा ना, बाई खमकी हवी पण उपदेशाचे डोस नकोत. - एक वाचक, सिडको

उत्तर : सासूबाईंकडून रिमोट काढून घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्याची वसुली दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे वरून होईल. जेवणं आवरली की 'पंचायत' लावा. हिंदी आहे, २०२० पासून प्राइमवर आहे, पण फुलेरा गाव बघताना निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या गावात बसल्यासारखंच वाटतं. मंजूदेवी, म्हणजे नीना गुप्ता, निवडून आलेली प्रधान, पण ती घरात आणि ऑफिसात बसतो तिचा नवरा, सगळं गाव प्रधानजी म्हणतं ते त्यालाच. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये बायकांना निम्म्या जागा आहेत, तरी सही बाईंची आणि मीटिंग साहेबांची हा प्रकार तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांना बोलतं करा, अर्धी करमणूक तिथेच आहे. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग तर चुकवूच नका. २६ जानेवारीला झेंडा प्रधानानेच फडकवायचा असतो आणि बाईंना राष्ट्रगीत येत नसतं, मग ती चक्क पाठांतराला बसते, चुकते, अडखळते, परत म्हणते. कुणी भाषण ठोकत नाही, ढॅणढॅण म्युझिक नाही, आणि तरी त्या बाईचं काहीतरी हललंय हे आपल्याला कळतं. मधूनमधून एखादी शिवी येते, तेवढी सासूबाई खपवून घेतील.

माझा निकष विचाराल तर एवढाच, बाईला काम आहे का आणि ते काम करताना ती आपल्याला दिसते का. हातात फाइल घेऊन लिफ्टमधून बाहेर येणं म्हणजे काम नव्हे हो. आपल्या मालिकांमध्ये 'बिझनेसवुमन' असते, पाचशे भाग होतात आणि कंपनी नक्की बनवते काय ते शेवटपर्यंत कळत नाही. 'आई कुठे काय करते' सासूबाईंनी बघितलीच असेल, पाच वर्षं चालली. अरुंधतीने मोठी मुलं असताना घटस्फोट घेतला आणि पुढे दुसरं लग्नही केलं, हे रोजच्या मालिकेत दाखवणं खरंच मोठं होतं, पण मग ती ताणली, इतकी ताणली की बाई बिचारी नवीन संसारातही जुन्याच घरचे वाद मिटवत बसली.

मराठीतच हवं असेल तर 'उंच माझा झोका' काढा, २०१२ची, रमाबाई रानड्यांची गोष्ट. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म आपल्या निफाडचा, १८४२चा, तेवढ्यावर सासूबाईंना बसवता येईल. त्यात गंमत अशी की रमाला शिकवायला नवरा तयार आणि विरोध घरातल्या बायकांचा, आणि त्या बायका दुष्ट नाहीत, घाबरलेल्या आहेत. नणंदा-सासवांना असं बघणं आजच्या मालिकांना जमत नाही. याउलट सोनी मराठीवरची सावित्रीबाई-जोतीराव फुल्यांची 'सावित्रीज्योती' २०२०च्या जानेवारीत सुरू झाली आणि टीआरपी नाही म्हणून त्याच वर्षाच्या शेवटी गुंडाळली, आपणच बघितली नाही म्हणजे.

मुलीला वेगळं काहीतरी द्या. 'मिस मार्व्हल' सहाच भागांची आहे, न्यू जर्सीतली पाकिस्तानी घरातली कमला खान, अम्मीची कटकट, मशीद, लग्नातला नाच आणि मधे सुपरपॉवर, फाळणीचा भाग तर आजीलाही बघावासा वाटेल. नाहीतर मग कोरियन 'एक्स्ट्रॉर्डिनरी अटॉर्नी वू', २०२२ची, सोळा भाग. नायिका ऑटिस्टिक आहे, वकील आहे, कायदा तोंडपाठ, पण ऑफिसच्या गोल फिरणाऱ्या दारातून आत जाणं तिला जमत नाही, तर एक सहकारी तिला वॉल्ट्झ नाचाच्या ठेक्यावर पाय टाकायला शिकवतो. तिला बिचारी पण करत नाहीत आणि चमत्कार पण करत नाहीत असं मी म्हणणार होते, पण चमत्कार थोडा करतात, अशी स्मरणशक्ती काही प्रत्येक ऑटिस्टिक मुलीला नसते. तरी बघा. सबटायटल्स वाचायची असल्यामुळे मोबाइल आपोआप खाली ठेवला जातो हा वेगळा फायदा.

प्रश्न : मी पाथर्डी फाट्याला राहतो, कॉलेजला आहे. सिरीयलमध्ये सगळे कायम देशमुख, इनामदार, सरदेसाई, बंगला, जिना, झुंबर. आमच्यासारखी माणसं आली तर कामवाली नाहीतर गुंड. दलित, मुस्लिम, ट्रान्स कॅरॅक्टर नीट लिहिलेत असं काही आहे का, की सगळीकडे बिच्चारेच? - एक विद्यार्थी

उत्तर : आहे, पण मराठी चॅनलवर कमी आणि ओटीटीवर जास्त, हे आधीच सांगते.

'दहाड' बघ आधी. २०२३, प्राइम, आठ भाग, सोनाक्षी सिन्हा सबइन्स्पेक्टर अंजली भाटी. गोष्ट राजस्थानातल्या गावातून गायब होणाऱ्या बायकांची आहे, पण मला लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. अंजली दलित, आडनाव वडिलांनी बदललेलं, आणि ती ठाण्यात शेजारून गेली की एक कर्मचारी प्रत्येक वेळी उदबत्ती लावतो. काही बोलत नाही, नुसती उदबत्ती. ती बघते आणि पुढे जाते, कारण तिला केस सोडवायची आहे. जात हा तिचा विषय नाही, ती लोकांची अडचण आहे, आणि लिहिणाऱ्यांनी हे शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग, नीरज घायवानने केलेला. राधिका आपटे पल्लवी मेनके, परदेशात प्रोफेसर, लेखिका, आणि तिला आपल्या लग्नात बौद्ध विधी पण हवाय. सासरचे पुढारलेले, वाईट लोक नाहीत, फक्त 'कशाला आता ते' म्हणणारे. आता आपल्या नाशिकमध्ये असं लग्न दर लग्नसराईत कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये असतंच, नवीन काय त्यात, पण एवढ्या झगमगाटी सिरीजमध्ये ते असं आनंदाचं, सुंदर, नटूनथटून मी तरी आधी पाहिलं नव्हतं. याच सीझनमध्ये मेहेर नावाची ट्रान्स बाई आहे, ती भूमिका करणारी त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू स्वतः ट्रान्स आहे आणि डॉक्टर आहे. मेहेर लग्नाची कामं करते, डेटवर जाते, वैतागते. बस. 'ताली' पण बघू शकतोस, रवी जाधवने केलेली, तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्यावर, २०१४च्या तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत जाते. सुश्मिता सेनने जीव ओतलाय, पण ही भूमिका ट्रान्स कलाकाराला का नाही दिली हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला आणि मला तो रास्त वाटतो.

आपल्या मराठी चॅनलचं काय विचारशील तर 'रंग माझा वेगळा' आठव. सावळ्या मुलीची गोष्ट, हेतू चांगला, आणि त्यासाठी रेश्मा शिंदेला मेकअपने सावळं केलं. महाराष्ट्रात सावळी नटी मिळत नव्हती का राव?

आणि कथा नाहीत असं कुणी म्हणालं तर त्याला शांताबाई दाणींचं नाव सांग. नाशिकच्याच, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या पक्षाचं काम केलं, मुलींच्या शिक्षणासाठी राबल्या, विधान परिषदेत आमदार होत्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला, त्यात बायकाही होत्या. एका बाईच्या नजरेतून तो सत्याग्रह, वीस भाग, आरामात होतील. कुणी निर्माता हे वाचत असेल तर घ्या, फुकट देतेय.

प्रश्न : हल्ली जिकडे तिकडे बायकाच हिरो. पुरुष एकतर व्हिलन नाहीतर बावळट. पूर्वी किती छान मालिका असायच्या! - एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

उत्तर : काका, पूर्वी म्हणजे कधी? १९८५ची 'रजनी' प्रिया तेंडुलकरची, गॅस सिलिंडरवाल्याला सुद्धा सोडायची नाही. 'उडान' कविता चौधरीने लिहिली, दिग्दर्शित केली आणि आयपीएसची भूमिकाही तिचीच, तिच्या बहिणीवर बेतलेली, आणि ती बहीण, कांचन चौधरी भट्टाचार्य, पुढे २००४मध्ये उत्तराखंडची पोलीस महासंचालक झाली, देशात त्या पदावरची पहिली बाई. सह्याद्रीवरची 'दामिनी' पत्रकार, 'वादळवाट'ची रमा वकील. तुमचा तो छान काळ बायकांनीच चालवला होता हो!

त्याच्याही मागे जायचं तर आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती एका पुरुषाला व्हावं लागलं, बाई कामाला तयारच होईना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पांडवलेण्याखालच्या फाळके स्मारकात नातवंडांना न्याल तेव्हा ही माहिती वापरा.

चांगले पुरुष हवे असतील तर 'दहाड'मधला गुलशन देवैयाचा ठाणेदार बघा, हाताखालच्या अंजलीवर काम बिनधास्त सोडणारा आणि घरी मुलीच्या बाजूने उभा राहणारा.

प्रश्न : मी नाशिकरोडला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, नाइट असते. सुट्टीच्या दिवशी एकटीने बघायला एकच सांगा, यादी नको. - एक वाचक

उत्तर : 'दिल्ली क्राइम'. २०१९ची, २०२०मध्ये उत्तम ड्रामा सिरीजचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळवलेली पहिली भारतीय. दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या तपासाची गोष्ट. शेफाली शाहची डीसीपी वर्तिका फार ओरडत नाही, झोप झालेली नसते, घरी मुलगी मला या शहरात राहायचंच नाही म्हणत असते, आणि हिला आरोपी शोधायचेत. रसिका दुगलची शिकाऊ अधिकारी नीती हॉस्पिटलमध्ये त्या अत्याचार झालेल्या मुलीच्या जवळ थांबते, ते सीन तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतील. अत्याचार दाखवलेला नाही, पण जबाबात ऐकावा लागतो, आणि वॉर्डमधलं बरंच काही आहे. दिवसपाळी-रातपाळी तेच बघून येत असाल आणि नको वाटलं तर सरळ दुसरा सीझन लावा, केस वेगळी आहे, गोष्ट कळते. त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना नुसत्या संशयावरून कसं उचलतात ते आहे, अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१चा कायदा जाऊन इतकी वर्षं झाली तरी. पाचच भाग आहेत, एका सुट्टीत होतात.