दर्प गाळत नाहीत, जिरवतात

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतून एक वाचक विचारतात: कांदा वाळवण्याच्या कारखान्यात बायोफिल्टर, म्हणजे जीवाणूंकरवी हवेतला वास घालवणारे यंत्र, बसवतो आहोत. त्यावर ‘वास मारणारी जैविक गाळणी’ असा फलक लावायचे घाटते आहे. एका सहकाऱ्याला मात्र ‘दुर्गंधीनाशक जैवनिस्यंदक’ हवे. शुद्ध कोणते? आणि दुर्गंध की दुर्गंधी?

दोन्ही फलक नकोत.

‘वास मारणारी’ हे तर आधी खोडा. मराठीत गटार वास मारते, ओले मोजे वास मारतात. वास मारणे म्हणजे वास सोडणे. डास मारणारी अगरबत्ती डास संपवते, म्हणून वास मारणारे यंत्र वास संपवील असे भाषेत होत नाही. शेजारच्या वस्तीतल्या माणसाने तो फलक वाचला, तर कारखान्याने कबुलीच दिली असे त्याला वाटेल.

आता गाळणी. गळणे, गाळणे, गाळ ही सगळी एका ‘गल्’ धातूची वंशावळ. गाळण्यात पदार्थ बदलत नाही, फक्त वेगळा होतो, आणि मागे काहीतरी उरतेच. चहा गाळला की चोथा, उसाचे गाळप झाले की चिपाड. बायोफिल्टरमध्ये काय अडकते? काहीच नाही. भुशा-ढलप्यांच्या थरातल्या फटी काही मिलिमीटरच्या असतात आणि हायड्रोजन सल्फाइड या दुर्गंधी वायूचा रेणू मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान. अडवून धरायचे म्हटले तर तो हसत निघून जाईल. ‘निस्यंदक’ म्हणजे तीच चूक संस्कृतातून. ‘स्यन्द्’ म्हणजे वाहणे, पाझरणे. वास संपतो कसा, याचा त्यात पत्ताच नाही.

नावात काय आहे, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. गाळणी म्हटली की माणूस ती धुतो. मग क्लोरीनच्या पाण्याचा जोरदार फवारा मारला जातो आणि थरातले जीवाणू मरतात. गाळणी म्हटली की सुट्टीच्या दिवशी थरात हवा ढकलणारा पंखा बंद ठेवायला हरकत वाटत नाही. थोडा वेळ पंखा थांबला तर बिघडत नाही, पण दोन-तीन दिवस हवा थांबली की ओल्या थराच्या पोटातला ऑक्सिजन संपतो, थर आंबतो, आणि सोमवारी सकाळी पंखा सुरू करताच थरच कुजका वास सोडू लागतो.

तिथे खरोखर घडते ते असे. वासाची हवा खालून शिरते. ढलप्यांवर पाण्याचा पातळ ओलावा असतो, त्यात वासाचे रेणू विरघळतात. त्या ओलाव्यातच राहणारे जीवाणू त्यांचे ऑक्सिडीकरण करतात, म्हणजे ते खाऊन आपली ऊर्जा मिळवतात. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी होते, गंधकाचे सल्फेट होते. आधी मुरणे, मग पचणे. या दोन्ही क्रियांना एकच क्रियापद मराठीत आयते आहे: जिरणे.

आणि काय क्रियापद आहे! ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यातला जमिनीत मुरण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुळातला अर्थ पोटातला. संस्कृत ‘जॄ’, जीर्यति: झिजणे, जुने होणे, पचणे. जीर्ण, जरा, जर्जर त्यातलेच, आणि न पचलेले ते अजीर्ण. परंपरा जिऱ्याला, म्हणजे ‘जीरक’ला, ‘पचवणारे’ म्हणून याच धातूशी जोडते. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत ‘वातापि, जीर्ण हो’ म्हणणारी आजी आठवा. ज्या अगस्तींनी रामाला पंचवटीची वाट दाखवली, त्यांनी वातापि राक्षस असाच पोटात जिरवला. त्या राक्षसाच्या नावाच्या तोंडी ‘वात’ आहे, म्हणजे वारा. दूषित वारा पोटात घेऊन पचवणाऱ्या यंत्राला याहून नेमका दाखला कुठल्या भाषेत मिळणार?

इथे एका समजुतीला विरोध नोंदवतो. जिरणे आणि झिरपणे ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, असे वाटू शकते. ते सपशेल चुकीचे आहे. झिरपणे, झरणे, झरा हे ‘क्षर्’कडचे शब्द, क्ष चा झ झालेला प्राकृतात आढळतो. झिरपलेले पाणी दुसरीकडे बाहेर येते, जिरलेले परत येत नाही. यंत्रातही हा फरक ठळक आहे. प्लास्टिकच्या किंवा लाव्हा दगडाच्या भरणीवर सतत पाणी फिरते ठेवतात, ते ‘बायोट्रिकलिंग’ यंत्र; तिथे पाणी झिरपते. ढलप्यांच्या थरात पाणी फिरत नसते, तिथे वास जिरतो. दोन्ही क्रियापदे एक मानली, तर ही दोन यंत्रेही एकच मानावी लागतील.

सर्वात गोड जागा पुढे आहे. कांद्याच्या वासाला आपण दर्प म्हणतो. उग्र दर्प. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, आणि तो अर्थ मराठीने ‘दर्पोक्ती’त जपून ठेवला आहे. गर्वाचा वास कसा झाला? माझे मत असे की ‘मद’ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने. मद म्हणजे गर्व, मद म्हणजे माजावर आलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा उग्र वासाचा स्राव, आणि मृगमद म्हणजे कस्तुरी. माजलेला प्राणी नाकाला आधी कळतो. म्हणून अंगावर येणारा वास तो दर्प. मोगऱ्याला कोणी दर्प म्हणत नाही. आणि माजलेल्याचे मराठीत काय करतात? त्याची जिरवतात! ‘चांगली जिरली त्याची’ या वाक्यातली जिरण्याची क्रिया आणि कांद्याच्या दर्पावर थरात होणारी क्रिया भाषेच्या लेखी एकच आहे. ‘दर्पजिरवणी’ हा शब्द फक्त जोडायचा राहिला होता.

कल्पना मातीतलीच आहे, हेही सांगायला हवे. अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय यांना 1957 मध्ये सांडपाण्याचा वास मातीच्या थरातून काढण्याचे पेटंट मिळाले. भोकांचे नळ पुरायचे आणि हवा मातीत जिरवायची, एवढेच.

तुमच्या कारखान्यापुरते हिशेबाने बोलू. ताशी 3,600 घनमीटर हवा म्हणजे सेकंदाला 1 घनमीटर. ती थरात 45 सेकंद राहायला हवी असेल, तर 45 घनमीटर थर लागतो. 1 मीटर उंचीचा केला तर 45 चौरस मीटर जागा. जागा वाचवायला उंची दुप्पट करू नका. खालचा भाग वजनाने दबतो, हवेला अडथळा वाढतो. वाळवणीची हवा तापलेली असते. 40 अंशांच्या खाली आणल्याशिवाय आत सोडू नका, आणि फवाऱ्याच्या मनोऱ्यातून नेऊन तिची आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर न्या. कोरडी हवा थराला तळापासून सुकवत जाते. वरून पाणी मारणाऱ्याला पृष्ठभाग ओला दिसतो आणि तळ मात्र कोरडा ठणठणीत असतो.

ओल किती? वजनाच्या 40 ते 60 टक्के. पण नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला आकडा लागत नाही, त्याच्याकडे शब्द आहे: वाफसा. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, ती अवस्था. थर कायम वाफशात हवा. एक हात खोल खणून मूठभर भरणी घ्या आणि दाबा. गोळा राहिला आणि बोटांच्या फटींत एक-दोन थेंब दिसले, तर वाफसा आहे. भुगा होऊन सांडली तर कोरडी, धार लागली तर चिखल. निफाड-सिन्नरकडच्या थंडीत आणखी एक सोय आहे. पहाटे थरातून वर येणारी दमट हवा वाफेसारखी दिसते. सगळीकडून सारखी निघाली तर ठीक; भिंतीच्या कडेने किंवा एखाद्या भेगेतून झोत दिसला, तर तिथून वास न जिरताच पळतो आहे. तो भाग उकरून पुन्हा भरा.

कांद्याच्या बाबतीत मुख्य धोका गंधकाचा. चिरलेल्या कांद्यातून थायोल आणि डायप्रोपिल डायसल्फाइडसारखी संयुगे निघतात आणि त्यांतले गंधक शेवटी सल्फ्युरिक आम्लापर्यंत जाते. 1 किलो हायड्रोजन सल्फाइड पूर्ण जिरला तर जवळपास 2.9 किलो आम्ल तयार होते. ‘ऑक्सिजन’ या नावाचा ग्रीक अर्थच ‘आम्ल जन्माला घालणारा’ असा आहे. प्रत्येक आम्लात तो असतो, ही लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची समजूत पुढे खोटी ठरली, पण या थरात ते नाव शब्दशः खरे होते. सामू (pH, आम्लतेचे माप) 7 च्या आसपास सुरू होतो आणि घसरत जातो. गंधक खाणारे काही जीवाणू सामू 2 ला गेला तरी तगतात, पण डायसल्फाइड फोडणारे बाकीचे बहुतेक थकतात आणि ढलप्याही लवकर कुजतात. म्हणून भरणीत आधीच चुनखडीचा चुरा मिसळा आणि निचऱ्याच्या पाण्याचा सामू दर आठवड्याला तपासा. 5 च्या खाली गेला तर साध्या पाण्याने थर धुऊन काढा. चुनखडी भरमसाट घालू नका. तिचा जिप्सम होतो आणि फटी बुजतात.

दुर्गंध पुल्लिंगी, दुर्गंधी स्त्रीलिंगी. मराठीत दोन्ही चालतात. फलकावर मात्र दोन्ही नकोत. मोठ्या अक्षरांत ‘दर्पजिरवणी’ लिहा. त्याखाली: ‘सुट्टीतही पंखा चालू ठेवावा. क्लोरीनचे पाणी मारू नये. थरावर चालू नये.’