डिप्लोमा सिव्हिल, साइटवर नोकरी, कोकणात राहून पीएमपीची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा झालाय, 6 वर्षं साइटवर काढलीत, सध्या देवरूखला आहात, जवळपास क्लास नाही आणि शाळा मराठी मीडियमची, तर पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट चालवणाऱ्यांसाठीचं ते आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, जमेल का. जमेल हो. मी चिपळूणचा, नळपाणी योजनांची कामं घेणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे होतो, 2023 ला परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात सुटलो, त्यामुळे माझ्या वेळी जे होतं तेच सांगतो. ही परीक्षा घेणारी संस्था म्हणजे पीएमआय, ते अधूनमधून पॅटर्न बदलतात, म्हणून फी भरायच्या आधी त्यांच्या साइटवरून कंटेंट आउटलाइन नावाची पीडीएफ (परीक्षेत काय काय येतं त्याची यादी) उतरवून घ्या, फुकट आहे.

क्लासचं टेन्शन घेऊ नका. 35 तासांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, ते ऑनलाइन कोर्सचं चालतं. अनुभव डिप्लोमावाल्यांना 60 महिन्यांचा लागायचा, चार वर्षांच्या डिग्रीवाल्यांना 36. आणि तो नुसता साइटवर हजर असल्याचा नाही, काम तुम्ही चालवलेलं पाहिजे, मग हुद्दा ज्युनियर इंजिनियरचा असला तरी हरकत नाही. एकाच वेळी दोन कामं बघितली असतील तर ते महिने डबल धरत नाहीत, इथे बरेच जण हिशोब चुकतात.

फॉर्म भरताना प्रत्येक प्रोजेक्टसाठी ज्या साहेबाचं नाव देताय त्याला आधी फोन करून ठेवा. काही फॉर्म ते ऑडिटला काढतात, कोणाचा लागेल सांगता येत नाही, माझा लागला. कागद द्यायला 90 दिवस मिळतात, पण माझ्या जुन्या कंपनीतले साहेब फोनच उचलेनात, शेवटी त्यांच्या घरी आंब्याची पेटी घेऊन गेलो तेव्हा सही झाली.

आता अभ्यास. मी पहिला दीड महिना फुकट घालवला, कारण कोणीतरी डोक्यात भरवलं की पीएमआयच्या गाईडमधल्या 49 प्रोसेस पाठ झाल्या की पेपर सुटला. मोठा तक्ता करून भिंतीवर चिकटवला, आई रोज विचारायची हे काय देवाचं यंत्र आहे का. पहिली मॉक टेस्ट दिली आणि 51 टक्के. 2021 पासून पेपर तसा राहिलाच नाही, माझ्या वेळी साधारण निम्मे प्रश्न अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल घेत काम करायची पद्धत) आणि हायब्रिडचे (अजाइल आणि जुन्या पद्धतीची मिसळ) होते आणि बहुतेक प्रश्न म्हणजे एक प्रसंग देऊन विचारतात की आता प्रोजेक्ट मॅनेजरने काय करावं. आपण साइटवाले मार खातो ते इथेच, कारण आपल्याला साइटवर जे करायची सवय आहे ते त्या चार पर्यायांत असतं आणि ते बहुतेक वेळा चूक असतं!

म्हणजे कसं ते सांगतो. पाइपलाइन टाकताना सरपंच येऊन म्हणतात, अरे एवढे चार पाइप आमच्या वाडीपर्यंत ने की, खड्डा तर खणलेलाच आहे. आपण काय करतो, एक तर टाकून मोकळे होतो नाहीतर साहेबांना फोन लावतो. परीक्षेत दोन्ही चूक. आधी त्या चार पाइपांनी खर्च, वेळ आणि टाकीतल्या पाण्याच्या प्रेशरवर काय फरक पडतो ते बघायचं, मग चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची रीतसर मागणी, घालायची आणि मंजुरी आल्यावरच काम. हेच प्रोजेक्ट अजाइल असेल तर उत्तर बदलतं, ते काम बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत जातं आणि आधी घ्यायचं की नंतर ते प्रॉडक्ट ओनर ठरवतो. टीममधल्या दोघांचं वाजलं तर पण तेच, एकाला काढून टाका किंवा स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या वरच्या साहेबाला) कळवा हे पर्याय सहसा लगेच उचलायचे नाहीत, आधी बोलून नेमकं काय झालंय ते समजून घ्यायचं. हे डोक्यात बसायला मला 5 पूर्ण मॉक लागल्या. प्रत्येक मॉकनंतर चुकलेला प्रश्न वहीत लिहून समोर एका ओळीत लिहायचो की मी साइटवर काय केलं असतं. ती वहीच माझं खरं पुस्तक, बाकीची पुस्तकं अर्धवटच वाचून झाली.

रिस्क आणि इश्यू यातला फरक तर मला पुराने शिकवला. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमचं सिमेंटचं गोडाऊन खालच्या मजल्यावर. वाशिष्ठीला पूर येऊ शकतो हे 2005 पासून शेंबड्या पोराला माहीत, ती रिस्क. पाणी दारातून आत आलं की तो इश्यू, मग रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची यादी, काढून काय करणार. पोती जूनमध्येच वर नेली असती तर ते मिटिगेट, म्हणजे धोका कमी करणं, विमा काढला असता तर ट्रान्सफर, म्हणजे धोका दुसऱ्यावर टाकणं. आम्ही जे केलं होतं त्याला पॅसिव्ह ॲक्सेप्टन्स म्हणतात, म्हणजे मराठीत हातावर हात धरून बसणं.

गणितं थोडीच येतात, घाबरू नका. चिऱ्याच्या कंपाउंडचं काम 10 लाखांचं धरा, आजपर्यंत 5 लाखांचं व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात झालंय 4 लाखांचं आणि खर्च झालेत 5 लाख. मग झालेलं काम भागिले खर्च, 4 भागिले 5, सीपीआय 0.8, म्हणजे खर्चाची चाल. झालेलं काम भागिले व्हायला हवं होतं ते, म्हणजे वेळेची चाल, एसपीआय, इथे तो पण 0.8. काम याच चालीने गेलं तर 10 भागिले 0.8, म्हणजे शेवटी साडेबारा लाख लागणार. क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं ती साखळी, आपल्याला शिकवायला नकोच, पावसाआधी छप्पर चढलं पाहिजे आणि त्याच्याआधी चिरा आला पाहिजे, आतला रंग दिवाळीपर्यंत लांबला तरी चालतो, ती ढील म्हणजे फ्लोट.

मराठी मीडियमचा त्रास होतो, पण तो शब्दांचा कमी आणि स्पीडचा जास्त. माझ्या वेळी 180 प्रश्न आणि 230 मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास. मी शेवटची ओळ आधी वाचायचो, त्यात फर्स्ट विचारलंय की नेक्स्ट की बेस्ट ते बघायचं आणि मग वरचा पाल्हाळ. 60-60 प्रश्नांनंतर 10 मिनिटांचा ब्रेक मिळतो, तो घ्या, फक्त ब्रेक घेतला की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही.

घरून ऑनलाइन देता येते, पण मी म्हणेन नको. खोलीत दुसरं कोणी आलं की परीक्षा रद्द होऊ शकते आणि आपल्याकडे बेल कोण वाजवतं, शेजारची काकी विळा मागायला थेट माजघरात. वर पावसात लाईटचा भरवसा नाही. मी मुंबईला सेंटरवर जाऊन दिली. आयडीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एकच आहे ना ते आधी बघा, वडिलांच्या नावावरून घोळ होतो. आणि तारीख घेताना कॅलेंडरमध्ये गणपती कधी आहेत ते बघून घ्या, मी गौरी विसर्जनाच्या दोन दिवसांनंतरची घेतली होती आणि चिपळूण ते दादर दरवाजात उभा राहून गेलो, सीपीआयचा फॉर्म्युला पुटपुटत.