ओतव्हीलचे बारा भाऊ: एका नॉर्मन वंशावळीविषयी दोन पत्रे

प्रश्न: बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने सिसिली बेटावरच्या पालेर्मोहून ‘अल्ताव्हिल्ला’ या मध्ययुगीन नॉर्मन घराण्याच्या वंशावळीचा छापील तक्ता आणला आहे. आमच्या कुळाची वंशावळ मी गेली काही वर्षे जुळवीत असल्यामुळे तो बारकाईने पाहिला आणि तीन गोष्टी खटकल्या. मूळ पुरुष टँक्रेड याच्या बारा मुलांत विल्यम हे नाव दोनदा येते. ही छपाईची चूक असावी काय? टँक्रेडची दुसरी पत्नी उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूकची कन्या असल्याचे लिहिले आहे. ते खरे मानावे काय? आणि सिसिलीचा राजमुकुट थोरल्यांना सोडून सर्वांत धाकट्या मुलाच्या शाखेत कसा गेला?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: छपाईची चूक मुळीच नाही. आपल्या तक्त्यावरचे ‘अल्ताव्हिल्ला’ हे ‘ओतव्हील’ या फ्रेंच नावाचे इटालियन रूप असून दोहोंचा अर्थ ‘उंचावरचे गाव’ असाच आहे. या घराण्याची सर्वांत भरवशाची यादी जेफ्री मालातेरा या भिक्षूने दिली आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस, बारा भावांतला सर्वांत धाकटा रॉजर सिसिलीचा काउंट असताना त्याच्याच आश्रयाने या भिक्षूने घराण्याचा इतिहास लिहिला. त्याच्या सांगण्याप्रमाणे टँक्रेडला म्युरिएला या पहिल्या पत्नीपासून विल्यम, ड्रोगो, हम्फ्री, जेफ्री आणि सेर्लो हे पाच मुलगे झाले, तर फ्रेसेंडा या दुसऱ्या पत्नीपासून रॉबर्ट, मॉजर, विल्यम, ऑब्री, टँक्रेड, हम्बर्ट आणि रॉजर हे सात. म्हणजे दोन्ही विल्यम सावत्र भाऊ आहेत. थोरला युद्धातल्या पराक्रमामुळे ‘लोखंडी हाताचा’ म्हणून ओळखला गेला आणि धाकटा सालेर्नोच्या बाजूच्या प्रिन्सिपातो या प्रदेशाचा काउंट म्हणून. एक मुलगा बापाच्याच नावाचा आहे आणि कापुआच्या रिचर्डला दिलेली मुलगी आईच्या नावाची, म्हणजे पुन्हा फ्रेसेंडाच. आडनावे त्या काळी रुळलेली नव्हती. माणूस ओळखायचा तो टोपणनावाने किंवा जहागिरीच्या नावाने. ‘ओतव्हील’ हेही आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखे गावावरून पडलेले नाव आहे, आणि शिरोडकर म्हटले की सगळे एकाच कुळाचे असे जसे आपण धरत नाही, तसेच तिथेही धरू नये, कारण नॉर्मंडीत ओतव्हील नावाची गावे अनेक आहेत. हे घराणे कुतांस शहराजवळच्या ओतव्हील-ला-गिशार या गावचे मानले जाते.

ड्यूकच्या कन्येची गोष्ट मात्र मी तक्त्यावरून खोडून टाकीन. मालातेरा दोन्ही पत्नी कुलीन होत्या एवढेच म्हणतो. पहिली वारल्यावर टँक्रेडने पुन्हा लग्न का केले, याचा खुलासाही तो आवर्जून करतो: भलत्या संबंधात पडण्यापेक्षा रीतसर विवाह बरा, असे त्याला वाटले म्हणे. आश्रयदात्याच्या आईबापांच्या अब्रूची एवढी काळजी वाहणारा लेखक, ती आई ड्यूकची मुलगी असती, तर ते सांगायला विसरला असता काय? त्याच्या लेखी टँक्रेड हा ड्यूकच्या दरबारात हाताखाली दहा शिलेदार बाळगून चाकरी करणारा माणूस होता. वंशावळीच्या माथ्यावर एखादा ऋषी किंवा सरदार नेऊन बसवण्याचा मोह आपल्याकडेही कमी नाही, त्यामुळे या जोडकामाचे आपल्याला नवल वाटणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जमिनीत आहे. मालातेरा लिहितो की शेजारपाजारचे वडीलधारे गेल्यावर वारसांत वाटणीवरून तंटे होतात आणि एकाला पुरणारी मिळकत अनेकांत वाटली की कोणालाच पुरत नाही, हे या भावांनी पाहिले आणि म्हणून ते घर सोडून निघाले. थोरले विल्यम आणि ड्रोगो दक्षिण इटलीत भाडोत्री योद्धे म्हणून गेले. १०४२ साली मेल्फीला जमलेल्या नॉर्मनांनी विल्यमला आपला प्रमुख निवडले. तो १०४६ मध्ये वारल्यावर ड्रोगो आला. १०५१ मध्ये त्याचा खून झाल्यावर हम्फ्री आला. आणि १०५७ मध्ये हम्फ्री गेला, तेव्हा त्याच्या अल्पवयीन मुलाला, आबेलार्डला, बाजूला सारून सावत्र भाऊ रॉबर्ट गिस्कार याने सगळे ताब्यात घेतले. ‘गिस्कार’ म्हणजे धूर्त, आणि ते नाव त्याने सार्थ केले. १०५९ साली पोप दुसरा निकोलस याने त्याला अपुलिया आणि कालाब्रियाचा ड्यूक केले. सत्ता इथे बापाकडून मुलाकडे न जाता भावाकडून भावाकडे गेली. तक्त्यावरच्या उभ्या रेघा ओढताना नेमके तेच झाकले जाते.

याच्याही पुढे जाऊन आपण आयांच्या नावांकडे पाहावे. रॉबर्टची पहिली पत्नी अल्बेराडा. तिचा मुलगा मार्क, ज्याला लोककथेतल्या एका राक्षसावरून बोहेमंड हे टोपणनाव पडले आणि तेच टिकले. पुढे रॉबर्टला सालेर्नोच्या राजकुळातील सिकेलगाइताशी सोयरीक करायची होती, तेव्हा अल्बेराडा आपल्या नात्यातली निघते, असे कारण दाखवून त्याने तो विवाह रद्द ठरवून घेतला. चर्चच्या त्या काळच्या नियमाने सात पिढ्यांच्या आतले नाते विवाहाला निषिद्ध होते (ही मर्यादा १२१५ मध्ये चारवर आली), आणि सात पिढ्या मागे जायचे ठरवले तर उमरावांत कोण कोणाच्या नात्यात निघणार नाही? वंशावळ इथे सोयीचे हत्यार झाली. त्यामुळे १०८५ साली रॉबर्ट वारल्यावर ड्यूकपद थोरल्या बोहेमंडला न मिळता सिकेलगाइताच्या मुलाला, रॉजर बोर्साला मिळाले. ‘बोर्सा’ म्हणजे पैशाची थैली. बोहेमंड भावाशी भांडून काही मुलूख मिळवून पहिल्या धर्मयुद्धावर गेला आणि १०९८ मध्ये अँटिऑकचा सत्ताधीश झाला.

व्हेनोसा येथील होली ट्रिनिटी मठात, जिथे रॉबर्ट आणि त्याचे भाऊ पुरलेले आहेत, तिथेच अल्बेराडाची स्वतंत्र कबर आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये दोनच ओळी आहेत: गिस्कारची पत्नी अल्बेराडा या शवपेटीत आहे, तिच्या पुत्राचा शोध घ्याल तर तो कानोसा या गावाने ठेवून घेतला आहे. बोहेमंडची कबर खरोखरच कानोसाला आहे. विवाह रद्द झालेल्या बाईला दगडावर ‘गिस्कारची पत्नी’ म्हटलेले आहे, हे आपण तक्त्यात तिच्या नावापुढे जरूर टिपून ठेवावे.

आता धाकटा रॉजर. रॉबर्टच्या साहाय्याने त्याने १०६१ मध्ये मेसिना आणि १०७२ मध्ये पालेर्मो घेतले, आणि १०९१ मध्ये नोतो पडल्यावर सगळे बेट त्याचे झाले. तो ११०१ मध्ये आणि त्याचा मुलगा सायमन ११०५ मध्ये वारल्यावर सायमनचा धाकटा भाऊ दुसरा रॉजर काउंट झाला. इकडे बोर्साचा मुलगा विल्यम ११२७ साली निपुत्रिक गेला, तेव्हा त्याचा चुलतकाका असलेल्या या दुसऱ्या रॉजरने अपुलियाही घेतले, आणि ११३० च्या नाताळात पालेर्मोला त्याला राज्याभिषेक झाला. थोरल्या शाखेचे ड्यूकपद संपले आणि धाकट्यांपाशी सलग जमीन राहिली, एवढाच या मुकुटाचा प्रवास.

आपल्या कुळाच्या तक्त्यासाठीही हीच रीत उपयोगी पडेल. प्रत्येक नावापुढे माणसाचे टोपणनाव, आईचे नाव आणि वाट्याला आलेली मिळकत लिहावी. देवस्थानच्या महाजनांच्या यादीत आणि गावकारीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) झोणाच्या, म्हणजे उत्पन्नातल्या वाट्याच्या, नोंदीत पुरुषांचीच नावे भेटतात. पण गोव्यात पोर्तुगीज कायद्याने पत्नी निम्म्या मिळकतीची मालकीण ठरल्यामुळे खरेदीखतांत आणि मृत्यूनंतरच्या इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेच्या मोजदाद-वाटणीच्या, कागदांत बायकांची नावे हमखास सापडतात.

प्रश्न: हे घराणे नॉर्मन असेल, तर त्याच्या वंशावळीच्या शेवटी फ्रेडरिक दुसरा हा जर्मन सम्राट कसा येतो?
— एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर: आजोळकडून. दुसरा रॉजर ११५४ साली वारला आणि त्याच्यामागून त्याच वर्षी त्याची मुलगी कॉन्स्टन्स जन्मली. तिचा भाचा दुसरा विल्यम तिच्याहून वर्षभराने मोठा होता. आत्या भाच्याहून लहान असण्याचे उदाहरण एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. ११८६ मध्ये तिचा विवाह जर्मन सम्राटाच्या मुलाशी, हेन्रीशी झाला. ११८९ मध्ये विल्यम निपुत्रिक वारल्यावर दुसऱ्या रॉजरचा अनौरस नातू टँक्रेड याने गादी धरली, पण तो ११९४ मध्ये गेला आणि त्याच वर्षीच्या नाताळात हेन्रीने पालेर्मोला मुकुट घातला. दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, येझी या गावी चाळिशीच्या कॉन्स्टन्सला मुलगा झाला. बाप्तिस्म्यात त्याला फ्रेडरिक रॉजर असे जोडनाव मिळाले, एक बापाच्या बापाचे आणि दुसरे आईच्या बापाचे.

पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये दुसरा रॉजर, कॉन्स्टन्स, हेन्री आणि फ्रेडरिक यांच्या गडद तांबड्या पोर्फिरी दगडाच्या कबरी जवळजवळ आहेत. फ्रेडरिकची पहिली पत्नीही तिथेच पुरलेली आहे आणि तिचेही नाव कॉन्स्टन्स, तेव्हा तिथला फलक वाचताना सासू कोणती आणि सून कोणती, हे आधी पाहून घ्यावे.