एकच रक्त, दोन लॅब, दोन आयएनआर

प्रश्न : आईला हृदयात मायट्रलची धातूची झडप बसवली आहे, असिट्रॉम (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू आहे. एकाच सकाळी दोन लॅबमध्ये रक्त दिलं. एकीकडे आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा) २.४ आला, दुसरीकडे ३.१. खरा कुठला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अशा झडपेसाठी साधारण २.५ ते ३.५ आयएनआर ठेवतात. म्हणजे एका रिपोर्टवर डोस वाढेल, दुसऱ्यावर तसाच राहील. म्हणून आकडा कसा निघतो ते पाहा. या तपासणीत औषध मोजतच नाहीत. रक्त गोठायला लागणारे सेकंद मोजतात. ०.१ मिली प्लाझ्मा (पेशी काढलेला रक्ताचा पातळ भाग) ३७ अंशांवर तापवून त्यात किटमधलं कॅल्शियमयुक्त थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारं द्रव्य) ०.२ मिली घालतात आणि गाठ धरेपर्यंतचा वेळ घेतात. रुग्णाच्या वेळेला निरोगी माणसांच्या सरासरी वेळेने भागून, आलेल्या गुणोत्तराला किटच्या आयएसआयचा (त्यातलं थ्रोम्बोप्लास्टिन किती संवेदनशील आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा) घात दिला की आयएनआर मिळतो. २६ भागिले १३ म्हणजे २, आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.०, १.३ असेल तर जवळपास २.५. किटचा लॉट बदलला आणि मशीनमध्ये जुनाच आयएसआय राहिला, तर रिपोर्ट दिसायला चोख, पण चुकीचा.

त्याहून नेहमीचा घोटाळा नळीतला. फिक्या निळ्या झाकणाच्या नळीत ०.३ मिली सायट्रेट असतं, ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही; त्यावर २.७ मिली रक्त हवं. रक्त कमी पडलं की उरलेलं सायट्रेट नंतर घातलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. गोठायला उशीर होतो, आयएनआर खोटाच वाढतो. बटरफ्लाय सुईने काढताना तिच्या ट्यूबमधली हवा आधी नळीत शिरते, त्यामुळे पहिली निळी नळी हमखास अर्धवट राहते. आधी एक नळी टाकून द्यायला सांगा, संकोच करू नका. नमुना फ्रिजमध्येही ठेवायचा नसतो. खोलीच्या तापमानाला तो २४ तास टिकतो.

दोन्ही लॅबना आयएसआय आणि सरासरी वेळ विचारा. शंका राहिली तर एकाच लॅबमध्ये, रेषेपर्यंत भरलेल्या नळीत पुन्हा तपासा आणि पुढेही तीच लॅब धरा. तोवर आपल्या मनाने गोळी कमी-जास्त नको. डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवा.

प्रश्न : वडिलांना आता रिवारॉक्साबॅन (रक्त गोठू न देणारं दुसरं औषध) दिलं आहे. आयएनआर दर महिन्याला करायचा का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. या औषधावर आयएनआर नॉर्मल दिसला तरी रक्तात औषध पुरेसं असू शकतं. एरवी पातळी मोजावीच लागत नाही. तातडीचं ऑपरेशन, मोठा रक्तस्राव किंवा मूत्रपिंड बिघडलं, तर अँटी-टेन-ए (गोठवणाऱ्या टेन-ए घटकाला औषध किती अडवतं ते पाहणारी) चाचणी करतात, तीही रिवारॉक्साबॅनसाठीच कॅलिब्रेट केलेली, म्हणजे त्याच औषधाच्या ठरावीक नमुन्यांवर जुळवलेली. हेपारिन या दुसऱ्या औषधाच्या कॅलिब्रेशनवरचा आकडा इथे वाचता येत नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली, ते फॉर्मवर लिहायला लावा.