वाचक विचारतात : दहनाची व्यवस्था

घरातलं माणूस गेल्यावर पुढचे काही तास कसे सांभाळायचे, याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्याला आणि महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून आहेत. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. दहन झालं की तपासायला काही उरत नाही, म्हणून मृत्यूच्या कारणाविषयीचा प्रत्येक प्रश्न दहनाआधी सुटावा लागतो. डॉक्टर, पोलीस आणि स्मशानातले कर्मचारी कागदांसाठी अडून बसतात, ते याच कारणाने.

प्रश्न : वडील 84 वर्षांचे आहेत, वर्षभर अंथरुणावर आहेत. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. रात्री-अपरात्री काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा?

श्वास चालू आहे की नाही याची जराही शंका असेल, तर 108 ला. तिथे दुसरा विचार नको.

मृत्यू अपेक्षितच होता आणि तो झाला आहे हे स्पष्ट असेल, तर पहिला फोन त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना करा. अशा वेळी घाबरून एखाद्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तर तिथे ‘आणण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद होते. त्या डॉक्टरांनी वडिलांना कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते मृत्यूचं कारण लिहू शकत नाहीत. मग पोलिसांना कळवलं जातं आणि बऱ्याचदा शवविच्छेदन होतं. शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर घरी आले, तर हे सगळं टळतं.

म्हणून आजच डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ‘रात्री येऊन प्रमाणपत्र द्याल का? तुम्ही गावाला असलात तर कोण येईल?’ हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण विचाराच. महिना-दोन महिन्यांतून एकदा त्यांना वडिलांना दाखवत राहा. सहा महिने पाहिलेलंच नाही अशा रुग्णाचं कारण लिहायला डॉक्टर कचरतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

घरी झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टर ‘नमुना 4-अ’ भरून देतात. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी तो ‘नमुना 4’ असतो. जन्म व मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे हे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं असतं. ते हातात आलं की डॉक्टर निघण्याआधी वाचून घ्या. नाव, वय, मृत्यूची तारीख व वेळ, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे सगळं हवं. कारणाच्या जागी नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ असेल तर कागद परत येऊ शकतो. हृदय प्रत्येकाचंच थांबतं. ते कशामुळे थांबलं, म्हणजे पक्षाघात, कर्करोग, मूत्रपिंडाचा जुना विकार, ते लिहायचं असतं. मध्यरात्रीनंतरच्या मृत्यूत तारीख हमखास चुकते, तीही पाहा.

एक पिशवी तयार ठेवा : अलीकडची औषधांची चिठ्ठी, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, वडिलांच्या आधार कार्डाच्या आणि माहिती देणाऱ्याच्या आधार कार्डाच्या प्रत्येकी तीन-चार प्रती.

डॉक्टर येईपर्यंतचं एक काम मात्र थांबत नाही. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत स्नायू ताठरायला लागतात, सुरुवात पापण्या, जबडा आणि मान इथून होते. त्यामुळे पहिल्या तासातच डोळे मिटवा, हनुवटीखालून डोक्यावर रुंद पट्टी बांधून जबडा बंद करा, हात-पाय सरळ करा, डोक्याखाली उशी द्या. बोटांतल्या अंगठ्या तेव्हाच उतरवा, नंतर बोटं सुजतात. मृत्यूच्या कारणाबद्दल कसलीही शंका असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. शरीर आहे तसं राहू द्या.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत करायचं असतं. लगेच नेत्रपेढीला कळवा, पंखा बंद करा, डोकं उंच ठेवा आणि मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा. नेत्रदानाने दहनाला उशीर होत नाही. पथक येऊन साधारण अर्ध्या तासात काम संपवतं.

प्रश्न : आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने ती गेली. रुग्णालयाने पोलिसांना कळवलं आणि शवविच्छेदन झालं. आमच्यावर संशय होता का?

नाही. हा अनुभव अनेक घरांना येतो आणि आधी कुणी समजावून सांगत नाही, म्हणून तो फार लागतो.

मृत्यूचं कारण लिहिताना डॉक्टर साखळी लिहितात : न्यूमोनिया झाला, कारण आई अंथरुणाला खिळली होती, कारण खुबा मोडला होता, कारण ती पडली होती. साखळीच्या मुळाशी अपघात आला की तो मृत्यू कायद्याच्या नजरेत नैसर्गिक राहत नाही, मग मध्ये कितीही दिवस गेलेले असोत. पडणं, भाजणं, विजेचा धक्का, सर्पदंश, विषबाधा, रस्त्यावरचा अपघात, आत्महत्या या सगळ्यांत पोलीस पंचनामा करतात. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली येतं, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना स्त्रीचा मृत्यू झाला, तर चौकशी आणखी काटेकोर होते.

अशी वेळ ज्यांच्यावर येऊ शकते त्यांनी दाखल करतानाच विचारून ठेवावं की ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची रुग्णालयातली नोंद) नोंदवली आहे का, आणि तिचा क्रमांक लिहून घ्यावा. तो हाताशी असला की पोलीस ठाण्यातला वेळ बराच वाचतो. नसला तर जबाब, पंचनामा, शवविच्छेदनाचं पत्र हे सगळं मृत्यूनंतर पहिल्यापासून सुरू होतं. जिथे सोय आहे तिथे शवविच्छेदन सूर्यास्तानंतरही करता येतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये तशी परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं एरवी त्यातून वगळलेली आहेत. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागून ठेवा. अपघात विम्याचा दावा तिच्यावाचून पुढे सरकत नाही.

प्रश्न : भाऊ परदेशातून यायला तीस-पस्तीस तास लागतील. तोवर देह घरी ठेवता येईल का?

येतो, पण उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्यांवर एवढा वेळ काढू नका. कुजण्याची सुरुवात पोटातून, आतड्यांतल्या जिवाणूंमुळे होते. उकाड्यात बारा-अठरा तासांत पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट छटा दिसू लागते. लाद्या पाठीखाली आणि बाजूंनी लावल्या जातात आणि पोट उघडंच राहतं, ही नेहमीची चूक. बर्फच वापरायचा असेल तर तो पिशव्यांत भरून पोटावर आणि छातीवरही ठेवा, खाली प्लास्टिक अंथरा आणि साचलेलं पाणी काढत राहा.

शीतपेटी बरी. ती आणल्यावर आधी रिकामी चालवून गार होऊ द्या, मग देह ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर ती चालेलच असं धरू नका, पेटी देणाऱ्याला किती वॅटची आहे ते विचारा. दर्शनासाठी झाकण सारखं उघडलं तर आतला गारवा टिकत नाही, वरच्या काचेतून चेहरा दिसतो तेवढं पुरे. एका दिवसाच्या वर थांबायचं असेल तर रुग्णालयाच्या शवागाराइतका भरवसा दुसऱ्या कशाचाच नाही, तिथे तापमान 2 ते 4 अंश सेल्सिअस राखतात. ठेवताना आणि घेताना प्रमाणपत्राची प्रत लागते.

रासायनिक लेपन, म्हणजे एम्बाल्मिंग, देह विमानाने न्यायचा असेल तर लागतं. कारणाचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ते कधीही करवून घेऊ नका, कारण पुढे विषाची तपासणी करायची वेळ आली तर त्या रसायनांमुळे ती बिघडते.

प्रश्न : लाकडावर दहन करावं की दाहिनीत? आमच्या घरात यावरून मतभेद आहेत.

मतभेद श्रद्धेचे असतील तर तो निर्णय घराचाच. व्यवहाराचं आम्ही सांगतो.

चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागतं आणि ते कोरडं हवं. ओल्या लाकडात उष्णतेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यातच जातो, धूर होतो आणि चिता अर्धवट विझते. पावसाळ्यात स्मशानात फोन करून लाकूड छपराखालचं आहे का आणि चौथऱ्यावर शेड आहे का, हे विचारा. रचताना खाली जाड ओंडके आणि त्यांच्यात हवेला वाट ठेवा. छाती आणि कमरेचा भाग सर्वांत उशिरा जळतो, जड लाकूड तिथे हवं. फटींत गोवऱ्या आणि चिरलेल्या ढलप्या घाला. पेट घेत नाही म्हणून कुणी पेट्रोल ओततं, हे कृपा करून करू देऊ नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि भडका उभ्या असलेल्या माणसांपर्यंत येतो. रॉकेल पेटत्या चितेवर ओतणंही तितकंच घातक. जवळ जाणाऱ्याने सुती कपडे घालावेत आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहावं. चार ते सहा तास लागतात.

विद्युत आणि गॅसदाहिनीत हेच काम एक ते दीड तासात होतं. विद्युतदाहिनी तापायला कित्येक तास लागतात, म्हणून ती सहसा सलग तापती ठेवतात. वीज गेली किंवा दुरुस्ती निघाली तर तुमची वेळ पुढे जाते. त्यामुळे आधी स्मशानाकडून वेळ नक्की करा, मगच नातेवाइकांना कळवा. उलटं केलं की पन्नास माणसं दोन तास आवारात ताटकळतात. देह सुती कापडात असावा. प्लास्टिकची पिशवी, नायलॉनचं वस्त्र, अत्तराची बंद बाटली, अख्खा नारळ यातलं काहीही आत जाऊ नये. बंद वस्तू फुटतात आणि प्लास्टिकचा विषारी धूर होतो. बांबूची तिरडी आत जाते की बाहेरच सोडायची, हे त्या त्या ठिकाणी विचारा. देह फार वजनदार असेल तर तेही आधी सांगा, दाराची रुंदी ठरलेली असते.

महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत दहनाचा पास काढावा लागतो. त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि दोन्ही आधार कार्डांच्या प्रती लागतात, शवविच्छेदन झालं असेल तर पोलिसांचं पत्रही. काही ठिकाणी तो स्मशानातच मिळतो, काही ठिकाणी वेगळ्या कार्यालयात. दहनानंतर मिळणारी पावती जपून ठेवा.

प्रश्न : सासऱ्यांना पेसमेकर बसवला आहे. कुणाला सांगायला हवं?

प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना आणि स्मशानातल्या कर्मचाऱ्यांना, दोघांनाही. त्यातली लिथियमची बॅटरी उष्णतेने फुटते. दाहिनीच्या आतल्या विटा त्याने तडकतात आणि जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. चितेवरही हा धोका आहेच. पेसमेकर काढायला कातडीला छोटा छेद पुरतो, पण ते काम डॉक्टरांनीच करायचं. धक्का देणारं यंत्र, म्हणजे ‘आयसीडी’ असेल तर ते आधी निष्क्रिय करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्याला झटका बसतो. यंत्राचं कार्ड घरात असतं, ते कागदांच्या पिशवीत टाका. सांध्यांतल्या प्लेट, सळ्या, कृत्रिम खुबा काढायची गरज नाही. ते न जळता राखेत मिळतात.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणीच. अग्नी मुलीने दिला तर स्मशानात अडवतील का?

कायद्यात कुठेही आडकाठी नाही. पासवर माहिती देणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव आणि सही लागते, ती मुलाची असावी असा नियम नाही. गुरुजी बोलावणार असाल तर त्यांना आधी फोनवरच सांगा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

प्रश्न : बिल पूर्ण भरेपर्यंत देह देणार नाही, असं रुग्णालय म्हणू शकतं का?

नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत देह ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. बिलाची वसुली हा वेगळा विषय. लेखी मागणी करा, आणि नकार आला तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

प्रश्न : अस्थी कधी आणि किती मिळतात? विमानातून नेता येतात का?

दाहिनीतून प्रौढ माणसाच्या साधारण दोन ते तीन किलो अस्थी उरतात आणि थंड झाल्यावर त्याच दिवशी मिळू शकतात. चितेच्या राखेत लाकडाची राखही असते. तिसऱ्या दिवशी सावडण्याचा रिवाज व्यवहारातही सोयीचा आहे, कारण वरून गार दिसणाऱ्या राखेत चोवीस तासांनंतरही निखारे सापडतात. आधी लांबून थोडं थोडं पाणी शिंपडा, वाफेने हात भाजतात. पातळ प्लास्टिकची पिशवी नको, मडकं किंवा डबा घ्या. दोन-तीन ठिकाणी विसर्जन करायचं असेल तर तिथेच वाटून घ्या.

विमानासाठी धातूचा कलश टाळा, क्ष-किरण त्याच्या आरपार जात नाहीत आणि तपासणीत अडतो. मृत्यूचं प्रमाणपत्र आणि दहनाची पावती सोबत ठेवा, विमान कंपनीला आधी विचारा. झाडाखाली पुरणार असाल तर भरपूर मातीत मिसळा. अस्थींची राख खारट आणि अल्कधर्मी असते, एकाच जागी ओतली तर रोप जळतं.

प्रश्न : मृत्यूचा दाखला किती दिवसांत काढावा?

मृत्यूची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, त्यानंतर वर्षापर्यंत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, मूळ गावी नाही. रुग्णालयातल्या मृत्यूची माहिती रुग्णालय पाठवतं, घरच्या मृत्यूची तुम्ही द्यायची. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या कार्यालयात.

नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी आणि बँकेच्या पासबुकाशी जुळवूनच अर्जावर सही करा. ‘बाई’, ‘राव’, लग्नाआधीचं आडनाव यांवरून विमा आणि वारस नोंदीचे अर्ज महिनोन्‌महिने अडतात. दुरुस्ती होते, पण त्यासाठी पुरावे आणि पुन्हा हेलपाटे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच मागा.