व्हॅलोरंट खेळू द्या, पण रिटर्न भरता त्या पीसीवर नको

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. मुलगा अकरावीला. त्याला व्हॅलोरंट हा पीसीवरचा गोळीबाराचा गेम खेळायचाय आणि गेम म्हणतोय, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट चालू करा. त्याच पीसीवर तुम्ही घरून वीस-बावीस दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरता. दीर म्हणाले, कंपनी चिनी आहे, सगळा डेटा तिकडे जातो. मुलगा म्हणतो, व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा झाकणारी सोय) टाकला की काही होत नाही. आणि इंदिरानगरात या दोघांच्या मध्ये तुम्ही.

माझं उत्तर: खेळू द्या, पण त्या पीसीवर तुमचं काम ठेवू नका. दिरांचं निम्मं बरोबर आहे. मुलाचं व्हीपीएनचं साफ चूक आहे, पण ओरडू नका त्याला, त्या वयात मीही असंच ठोकून द्यायचो. (मी सातपूरला एका कंपनीत मशीन मेंटेनन्सला आहे. २००२ साली कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक खेळायला बसलो, तो अजून उठलेलो नाही. बायकोच्या भाषेत, आजार.)

सिक्युअर बूटला घाबरू नका. पीसी सुरू होताना भलताच प्रोग्रॅम आधी घुसू नये म्हणून ती सोय असते, चालू असलेली चांगलीच. खरी गोष्ट पुढे आहे. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचा अँटी-चीट, म्हणजे लबाडी करून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम येतो आणि तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यावर ताबा असलेल्या गाभ्यात बसतो. गेम उघडल्यावर नाही, पीसी चालू होतानाच. असं का, तर चीट बनवणारेही तिथेच जाऊन बसतात. भिंतीपलीकडचा माणूस दिसणाऱ्या पोरांनी माझ्या रात्रीच्या रात्री नासवल्यात, त्यामुळे कंपनीची अडचण मला कळते. चोर तळघरात असेल तर पहारेकरी गच्चीवर ठेवून भागत नाही.

पण मग पहारेकऱ्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात. तुम्ही विंडोजवर मुलाचं वेगळं खातं काढलंत, त्याला पासवर्ड लावलात, तरी कर्नलमधल्या प्रोग्रॅमला ते दार लागत नाही. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामाला असलेलं कोणी ओळखीत असेल तर विचारा, गेटवर सगळ्यांची झडती होते. झडती घेणाऱ्यावर कोणाचं लक्ष, हा प्रश्न तिथे कोणीतरी आधीच सोडवलेला असतो. आपल्या टेबलावरच्या पीसीत तो कोणी सोडवलेला नाही.

व्हॅनगार्डने आजवर कोणाच्या फायली चोरल्याचं सिद्ध झालेलं नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. माझी काळजी वेगळी आहे: इतक्या आत बसलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली, किंवा तो भलत्याच्या हाती लागला, तर काय? २०१३ मध्ये ईएसईए नावाच्या काउंटर-स्ट्राइकच्या सेवेचा अँटी-चीट लोकांच्या ग्राफिक कार्डांवर गुपचूप बिटकॉइन काढत होता. चौदा हजारांच्या आसपास पीसी. आतल्याच माणसाचा उद्योग. कंपनीला न्यू जर्सी राज्याशी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०२२ मधला प्रकार तर मी कंपनीत नव्या पोरांना मुद्दाम सांगतो. गेन्शिन इम्पॅक्ट या गेमचा अँटी-चीट ड्रायव्हर (कर्नलमध्ये चालणारा भाग) रॅन्समवेअरवाल्यांनी, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी, उचलला आणि ज्यांना लुटायचं त्यांच्या मशीनवर स्वतःच नेऊन बसवला. ड्रायव्हरवर रीतसर सही होती, विंडोजने त्याला सलाम ठोकून आत घेतलं आणि त्याने अँटीव्हायरस बंद पाडला. त्या मशीनवर गेन्शिन असायचीही गरज नव्हती! आणि १९ जुलै २०२४ आठवतो का? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं, जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकून बंद पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. तिथे ना गेम होता, ना चीन, ना चोर. कर्नलमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमची एक चूक होती.

आता दिरांच्या चीनकडे येतो. व्हॅलोरंट बनवणारी रायट गेम्स अमेरिकेत लॉस एंजेलिसला आहे, पण २०१५ पासून तिची पूर्ण मालकी टेन्सेंटकडे आहे, आणि टेन्सेंट चिनी. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने टेन्सेंटला चिनी लष्कराशी संबंधित कंपन्यांच्या यादीत टाकलं. कंपनीने ते नाकारलं. म्हणजे दीर हवेत बोलत नाहीयेत. पण आपल्याकडचा हिशेब बघा. गलवाननंतर जून २०२० मध्ये ५९ ॲप बंद झाली, २ सप्टेंबरला आणखी ११८, त्यात टेन्सेंटकडून येणारा पबजी मोबाइल. पीसीवरचा पबजी मात्र चालूच राहिला, कारण तो कोरियन क्राफ्टनचा. पुढे २०२१ मध्ये तोच मोबाइल गेम बीजीएमआय म्हणून आला, जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानातून गायब झाला, मे २०२३ मध्ये परत आला. माझा पुतण्या तिन्ही वेळा तेच छप्पर, तीच बंदूक घेऊन बसलेला होता. आणि टेन्सेंटच्या संपूर्ण मालकीचा व्हॅलोरंट, जो पीसीच्या गाभ्यात जाऊन बसतो, त्याला कोणी हात लावला नाही. बंदी चुकीची होती असं माझं म्हणणं नाही, सीमेवर जवान गेल्यावर सरकारने काहीतरी करणं साहजिक होतं. पण सरकारने बंद केलं ते धोकादायक आणि चालू ठेवलं ते सुरक्षित, असा अर्थ काढू नका. ते निर्णय राजकारणाच्या वेळापत्रकावर होतात, तुमच्या हार्ड डिस्ककडे बघून नाही.

शिवाय डोकावण्याची हौस एकट्या चीनला नाही. २०१३ मध्ये स्नोडेनने अमेरिकी हेरखात्यातून फोडलेल्या कागदांतून बाहेर आलं की अमेरिकेचे आणि ब्रिटनचे हेर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि सेकंड लाइफ या ऑनलाइन दुनियांमध्ये वेश घेऊन हिंडत होते. सेकंड लाइफमध्ये तर इतक्या खात्यांची माणसं होती की ती एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून वेगळा गट लागला. डोळ्यांसमोर आणा: दोन-चार हेर, समोरच्यालाच संशयित समजून त्याच्यावर अहवाल लिहितायत. तेव्हा ‘चिनी आहे का’ हा प्रश्न विचारा, जरूर विचारा, पण त्याआधी विचारा, ‘याला किती आत घेतोय आणि आत काय ठेवलंय?’ तुमच्या बाबतीत आत बावीस लोकांची विक्री-खरेदी, पॅन आणि बँक तपशील आहेत. ते तुमचे नाहीतच, लोकांनी विश्वासाने दिलेत.

व्हीपीएनचं दोन ओळींत. व्हीपीएन म्हणजे पीसीच्या बाहेरच्या रस्त्यावर टाकलेलं छप्पर. घरात बसलेल्याला ते दिसतही नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, नाशिकहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) छान मिळतो, व्हीपीएन टाकून तो बिघडेल आणि पोरगं हरल्याचं खापर नेटवर फोडेल. फुकटचे व्हीपीएन तर टाकूच नका, त्यातले बरेच तुमच्याच माहितीवर पोट भरतात.

खरी चोरी कुठे होते ते सांगतो, कारण कर्नलच्या चर्चेत हे राहून जातं. डिस्कॉर्डवर (गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या ॲपवर) मित्राच्याच खात्यावरून मेसेज येतो, ‘मी गेम बनवलाय, टेस्ट करून सांग ना भो.’ किंवा यूट्यूबखाली फुकट स्किनची (गेममधल्या बंदुकांच्या सजावटीची) लिंक. पोरगं ती फाइल उघडतं, काहीच होत नाही असं वाटतं, आणि तेवढ्यात ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज गेलेल्या असतात. चालू लॉगिनच उचललं की बऱ्याच ठिकाणी ओटीपीही विचारला जात नाही. मी स्वतः २०१६ मध्ये ‘आमच्या टीमला मत दे’ म्हणणाऱ्या लिंकवर हुबेहूब दिसणाऱ्या पानावर पासवर्ड टाकला आणि दोन वर्षं जमवलेल्या स्किन चहा व्हायच्या आत गेल्या. तेव्हा वय बत्तीस, आणि कंपनीत लोकांना मी सुरक्षेवर भाषणं द्यायचो. तर हा धोका चीनपेक्षा जवळ आहे. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन काम झालं की यूएसबीतून काढून कपाटात ठेवा, हे आजपासूनच.

वय सिद्ध करायला कोणी आधार किंवा शाळेचं ओळखपत्र मागितलं तर आधी तुम्हाला विचारायचं, हे मुलाला सांगून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने कबूल केलं की त्यांच्या बाहेरच्या ग्राहकसेवा कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ खालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि पालकांची पडताळलेली संमती मागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना मुख्य गोष्टींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर पडताळणी म्हणजे तुम्हीच.

आता पीसीचं. गेमिंगचा पीसी मुलाला देऊन टाका आणि कामासाठी वापरलेला ऑफिस लॅपटॉप घ्या. उलटं करू नका, कारण सध्या नवा गेमिंग पीसी जोडायचा तर रॅमचे भाव ऐकून चक्कर येते. एआयच्या डेटा सेंटरांकडे सगळी मेमरी वळलीय. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तैवान, कोरिया, अमेरिका यांच्यात काय शिजतं त्याचा हिशेब शेवटी आपल्या गल्लीतल्या दुकानदाराच्या कोटेशनवर उतरतो. रिटर्न भरायला जुना लॅपटॉप भरपूर होतो. फक्त इंटेल आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका, त्यावर विंडोज ११ रीतसर चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. पीसीवरचा क्लायंटचा डेटा हलवल्यावर तिथे विंडोज नव्याने टाका. ब्राउझरमधून नुसतं लॉगआउट करून भागत नाही.

आणि सिक्युअर बूटला हात लावण्याआधी एक गोष्ट. मेहुण्याच्या पीसीवर मी मोठ्या ऐटीत बायोसमध्ये शिरलो, सेटिंग बदललं, सेव्ह केलं. पीसी उठला तो निळी पाटी घेऊन: ४८ आकडी रिकव्हरी की टाका. विंडोजने डिस्क परस्पर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली होती आणि की त्याच्या एका जुन्या ईमेल खात्यात, ज्याचा पासवर्ड त्याला आठवत नव्हता. रविवार, रात्रीचे साडेअकरा. मेहुणा बोलला काहीच नाही, नुसता बघत राहिला. ते जास्त लागलं. तेव्हा आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवा. मग विंडोजच्या शोधात ‘एमएसइन्फो३२’ इंग्रजीत टाइप करा, त्यात ‘बायोस मोड’ समोर यूईएफआय (नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते बघा. यूईएफआय असेल तर काम पाच मिनिटांचं. लेगसी असेल तर डिस्कची मांडणी बदलावी लागते, ते एकट्या मुलाच्या भरवशावर सोडू नका.

दिरांसाठी एक वेगळं, कारण त्यांचा राग माझ्यावर नको. २०२५ च्या मे मधल्या भारत-पाक संघर्षात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री विमान पाडल्याचा व्हिडिओ आला. मी तीन सेकंदांत ओळखला, आर्मा ३. हा झेक कंपनीचा युद्धाचा गेम आहे. युक्रेनच्या वेळी याच्या इतक्या चित्रफिती बातम्या म्हणून फिरल्या की २०२२ मध्ये कंपनीनेच ओळखायच्या खुणा जाहीर केल्या: अंधार, हलता कॅमेरा, खराब, अस्पष्ट चित्र, हालचाल करणारी माणसं सहसा नाहीत. मी ग्रुपवर लिहिलं तर लोकांनी मलाच देशद्रोही ठरवलं. शेवटी देवळालीला तोफखान्यात आयुष्य काढलेले आमचे शेजारी काका म्हणाले, ‘तोफ तीन किलोमीटरवर दिसतेय, मग उजेड आणि आवाज एकदम कसा? नऊ सेकंद लागतात.’ ग्रुप गप्प. पुढच्या वेळी असं काही आलं की तुमच्या मुलाला दाखवा, गेम खेळणाऱ्या पोरांची नजर याबाबतीत तयार असते.

तर तुम्ही एमएसइन्फो३२ मध्ये काय दिसतंय ते आणि मदरबोर्डचं नाव इथे लिहा, मी पायरी-पायरीने सांगतो. पण बायोस आज उघडू नका. आधी या महिन्याचा थ्रीबी (जीएसटीचा मासिक रिटर्न) भरून होऊ द्या, २० तारखेनंतर बघू.