वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत कॉलेज बदलताना

मुलगी न्यू जर्सीबाहेरच्या एका खासगी कॉलेजात पहिलं वर्ष संपवते आहे. फी झेपत नाही, तिला मुख्य विषयही बदलायचा आहे. रटगर्सला (न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला) ट्रान्सफर मिळाली तर तिचे ३० क्रेडिट सगळे धरतील ना? — एक पालक, एडिसन

सगळे धरतील असं समजून चालू नका. प्रवेश मिळणं वेगळं आणि क्रेडिट धरले जाणं वेगळं. घोळ होतो तो दुसऱ्या बाबतीत. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये एक अहवाल दिला होता. २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेले, असं त्यात म्हटलं आहे.

क्रेडिट दोन तऱ्हांनी वाया जातात. काही वेळा नवं कॉलेज ते घेतच नाही. दुसरी तऱ्हा जास्त फसवी असते. क्रेडिट घेतले जातात, पण 'ऐच्छिक' म्हणून. म्हणजे ते ट्रान्स्क्रिप्टवर दिसतात, मात्र मुख्य विषयाच्या अटींपैकी एकही त्यांनी पुरी होत नाही. मानसशास्त्र विभागात केलेलं तीन क्रेडिटचं संख्याशास्त्र अभियांत्रिकीला बहुधा चालत नाही, कारण तिथे कॅल्क्युलसवर आधारलेलं लागतं. विज्ञानात लेक्चर आणि लॅब वेगवेगळे मोजले जात असतील तर लेक्चर धरलं आणि लॅब पुन्हा करा, असंही होतं. जुनं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं असेल तर एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचा दोन तृतीयांश. पाच क्रेडिटचा कोर्स ३.३३ वर येतो, आणि तिथला कोर्स चारचा असेल तर तेवढ्यासाठी अडून बसतात. 'सी'च्या खालची ग्रेड सहसा चालत नाही. 'पास-फेल' घेतलेल्या विषयांबद्दल आधीच विचारून घ्या.

आता करायचं काय? प्रत्येक कोर्सचा सिलॅबस आजच पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. कॅटलॉगमधला चार ओळींचा मजकूर पुरत नाही. आठवडावार विषय, पाठ्यपुस्तक आणि गुणांची विभागणी त्यात दिसली पाहिजे. कॉलेज सोडल्यावर लॉगिन बंद होतं आणि मग प्राध्यापकांच्या विनवण्या करत बसावं लागतं. प्रवेशाचं पत्र आलं की डिपॉझिट भरण्याआधी कोर्सनिहाय मूल्यांकन लेखी मागा. रजिस्ट्रार ऑफिस फक्त किती क्रेडिट आले ते सांगतं. त्यांतले मुख्य विषयाला किती लागू होतील, हे विभागाच्या ॲडव्हायझरलाच विचारावं लागतं. निकाल पटला नाही तर सिलॅबस जोडून अपील करता येतं, आणि ते करावंच.

जुना जीपीए नव्या कॉलेजात बहुतेक ठिकाणी येत नाही, पाटी कोरी होते. पुढे मास्टर्सला अर्ज करताना मात्र दोन्ही ट्रान्स्क्रिप्ट पाठवावेच लागतात. जुन्या कॉलेजने स्वतःच्या पैशांतून दिलेली मदतही सोबत येत नाही. फाफ्साच्या (सरकारी आर्थिक मदतीच्या) अर्जात नव्या कॉलेजचा कोड टाका आणि ट्रान्सफर विद्यार्थ्यांना गुणवत्तेवर काय मिळतं ते विचारा. पुष्कळदा ते नव्याने येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा कमी असतं. मुख्य विषय बदलल्यामुळे जे क्रेडिट जातील ते जुन्या कॉलेजात राहूनही गेलेच असते, तेव्हा तो हिशेब ट्रान्सफरच्या खात्यावर टाकू नका.

धाकटं भावंड रांगेत असेल तर काउंटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कम्युनिटी कॉलेजचा रस्ता मनावर घ्या. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेलं की राज्याच्या करारानुसार ती दोन वर्षं धरली जातात. ए.ए.एस. या पदवीला मात्र तो करार लागू नाही. एका अक्षराचा फरक आहे, प्रवेश घेतानाच बघून घ्या. कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी : कम्युनिटी कॉलेजमधून प्रवेशाची हमी यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसना आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत.

मुलगा टेक्सासमध्ये एफ-१ व्हिसावर बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज बदललं तर व्हिसा नव्याने काढावा लागेल का? मधल्या सुट्टीत घरी यायचं म्हणतो. — एक आई, सांगली

पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर नव्याने काढावा लागत नाही. एका कॉलेजकडून दुसऱ्याकडे जाते ती सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली त्याची नोंद. ३५० डॉलरची सेव्हिस फीही पुन्हा भरावी लागत नाही.

क्रम चुकवू नये. आधी नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र हातात हवं. ते घेऊन सध्याच्या कॉलेजच्या डीएसओकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं आणि 'रिलीज डेट' ठरवून घ्यायची. ती तारीख येईपर्यंत ट्रान्सफर रद्द करता येते. त्यानंतर नोंद नव्या कॉलेजच्या ताब्यात जाते आणि नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र) तेच देतात. कॅम्पसवरची नोकरीही त्याच दिवशी थांबते. म्हणून सेमिस्टरची परीक्षा आणि शेवटची शिफ्ट दोन्ही उरकल्यानंतरचीच तारीख घ्यावी. पुढचा वर्ग पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवा. कोर्स सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांत नव्या डीएसओकडे हजेरी नोंदवायची.

घरी जरूर येऊ द्या, पण परतताना नव्या कॉलेजचा सही केलेला आय-२० सोबत हवा. रिलीज डेट उलटली आणि नवा आय-२० अजून आला नाही, अशा वेळी विमानात बसणं म्हणजे विमानतळावर प्रश्नांना निमंत्रण.

बिघडतं कुठे? कॉलेज सोडायचंच आहे म्हणून मुलं शेवटच्या सेमिस्टरमध्ये एखाददुसरा विषय टाकून देतात आणि १२ क्रेडिटच्या खाली येतात. डीएसओची परवानगी नसेल तर एफ-१ चा दर्जा मोडतो आणि मग साधी ट्रान्सफरही साधी राहत नाही. दुसरं कारण थकबाकीचं. पार्किंगच्या दंडापायीही काही कॉलेजं अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट अडवतात. पदवीपूर्व विद्यार्थ्याने पहिलं शैक्षणिक वर्ष मूळ कॉलेजातच पुरं करावं, असा प्रस्ताव अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला होता. तुमचा मुलगा ते वर्ष ओलांडून गेला आहे, तरी अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम डीएसओकडून ईमेलवर मागून घ्यावेत.

मुलगी डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात) टेनिस खेळते. दुसरं वर्ष संपत आलं आहे. कोच सोडून गेले. संघातल्या मुली म्हणतात, 'पोर्टलमध्ये नाव टाक, बघू काय येतं ते.' टाकावं का? — एक बाबा, डॅलस

'बघू काय येतं ते' म्हणून मुळीच नाही. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावं जिथे नोंदवतात ते पोर्टल २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. तोवर दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही आपल्या कॉलेजची परवानगी लागायची. आता कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम बघणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवलं की त्यांनी कामकाजाच्या दोन दिवसांत नाव टाकायचं असतं. इतकं सोपं आहे, आणि म्हणूनच घाई होते. पण लेखी कळवलं की सध्याच्या कॉलेजला ते सत्र संपताच खेळाची शिष्यवृत्ती बंद करायची मुभा मिळते. नाव मागे घेता येतं, पण परत घ्यायचं की नाही हे त्यांच्या हाती.

खेळाडू कॉलेज बदलतात त्यामागे कोच जाणं, खेळायला न मिळणं, घरापासूनचं अंतर आणि पैसा ही नेहमीची कारणं आहेत. २०२१ च्या जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, त्यामुळे फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये पैशाचं पारडं जड झालं. टेनिसमध्ये तसे पैसे फार थोड्यांच्या वाट्याला येतात. इथे खरी अडचण जागांची आहे. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेला हाउस तोडगा (खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातला) ज्या कॉलेजांनी स्वीकारला, तिथे टेनिस संघात दहाच खेळाडू ठेवता येतात. दहाही जणींना शिष्यवृत्ती देता येते, पण अकरावीला जागाच नाही. त्यात युरोपातून आलेल्या तयार खेळाडूंशी स्पर्धा.

नियम पूर्वीपेक्षा सैल आहेत. २०२४ च्या एप्रिलपासून कितीही वेळा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, मात्र अभ्यासाची अट पाळलेली हवी. अडतं ते इथेच. तिसऱ्या वर्षात खेळायचं तर त्या कॉलेजातल्या पदवीचा ४० टक्के भाग पुरा झालेला लागतो, चौथ्यात ६० आणि पाचव्यात ८०. १२० क्रेडिटच्या पदवीचे ४० टक्के म्हणजे ४८. समजा, मुलीने ६० मिळवले आहेत, पण नव्या कॉलेजने त्यांतले ४५ च पदवीला लागू केले. झाले ३७.५ टक्के. एकही विषय न अडलेली, उत्तम जीपीए असलेली मुलगी बाकावर बसते. तेव्हा कोचच्या शब्दावर विसंबू नका. तिथल्या कंप्लायन्स ऑफिसकडून टक्केवारी लेखी घ्या आणि मगच करारावर सही करा. उणीव उन्हाळी वर्गांत भरून काढता येते, पण ती मे महिन्यात कळली तर.

प्रत्येक खेळाला पोर्टलची ठराविक मुदत असते आणि ती बदलत राहते. मुख्य कोच गेल्यावर वेगळी जादा मुदत मिळते, ती किती दिवसांची ते कंप्लायन्स ऑफिसला आजच विचारा. मुदतीच्या आत कळवायचं असतं, नवं कॉलेज ठरलेलं असायची गरज नसते. एकाच हंगामात दोन कॉलेजांकडून खेळता येत नाही. नाव टाकलं की कोचना छोटा ईमेल जाऊ द्या : यूटीआर (टेनिसमधलं रेटिंग), गेल्या हंगामातले निकाल, ट्रान्स्क्रिप्टची प्रत, शिल्लक हंगाम आणि कुठला विषय शिकायचा आहे. आमचं मत विचाराल तर नव्या कोचला एक हंगाम द्यावा. टेनिस बाजूला ठेवूनही ते कॉलेज तिला नकोसं असेल, तर गोष्ट वेगळी. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, हेही यादी करताना लक्षात असू द्या.

मी पुण्यात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. इथली दोन वर्षं अमेरिकेत धरतात का? — एक विद्यार्थिनी

काही अंशी धरतात. डब्ल्यूईएस किंवा ईसीई यांसारख्या संस्थेकडून कोर्सनिहाय मूल्यांकन करून घ्यावं लागतं. कुठल्या संस्थेचं चालतं ते त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाचं लागतं, कॉलेजच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स चालत नाही. प्रत्येक पेपरचा सिलॅबस शिक्का मारून घ्या. टक्क्यांचा जीपीए स्वतः काढू नका, तो सरळ भागाकार नसतो आणि आपलेच गुण कमी दिसतात. केटी लागली असेल तर ती दाखवा, लपवल्याचं उघड झालं तर मिळालेला प्रवेश जातो. आणि फॉर्ममध्ये अकरावी-बारावीला 'ज्युनियर कॉलेज' लिहू नका, 'हायर सेकंडरी स्कूल' लिहा. तिकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज, आणि मग ते त्याचंही ट्रान्स्क्रिप्ट मागत बसतात.